बांधावरची भाकरी

आमच्या पाड्यात भात लावायला कुणी कुणाला बोलवत नसे. राबाच्या वाफ्यातलं रोप वीतभर वर आलं, खाचरात चिखल झाला, की सोनीआत्या सकाळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता म्हणायची, "उद्या माझ्याकडं." ती कुणाकडे बघूनही म्हणायची नाही, एखाद्याला वाटावं कोंबड्यांनाच सांगते आहे. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आठही घरांतलं एकेक माणूस डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद घेऊन तिच्या खाचरात उतरलेलं असायचं. परवा दुसऱ्याकडं, तेरवा तिसऱ्याकडं, असं करत आठ दिवसांत आठ घरांची आवणी उरकायची. मजुरी कुणी मागायचं नाही, कुणाचं खाचर मोठं न् कुणाचं छोटं हे कुणी मोजायचं नाही. ज्याच्या खाचरात काम त्याच्या घरी दुपारचं जेवण, एवढं मात्र पक्कं. त्या दिवशी त्या घरची चूल पहाटेपासून पेटलेली असायची. मोठ्या पातेल्यात भात, सुकटीचं नाहीतर ओहोळातल्या चिंबोऱ्यांचं लालभडक कालवण, आणि पळसाची पानं. घरची बाई स्वतः एकेकाच्या पुढ्यात पान मांडायची. चिखलाचे पाय तसेच, हात तेवढे धुतलेले, आणि कुणीतरी कुणाच्या तरी नवऱ्याची टिंगल करत असायचं. असा भात मी पुढं कुठल्याही लग्नात खाल्ला नाही. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिली तेव्हा मला वाटलं, हे काय सांगताय, हे तर आमच्याकडं दरसाल होतं.

घरातलं बोलणं मी इथं पुस्तकी मराठीजवळ आणून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. आई, आत्या, आत्याची सून कमळ, कुणीच असं बोलत नाही. आमची वारली बोली कागदावर उतरवायला मला आता जमत नाही, कारण ती जिभेवरून काढून टाकायला मी तरुणपणी फार मेहनत घेतली होती. त्या मेहनतीचीच ही गोष्ट आहे.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. मी आश्रमशाळेत पाचवीला होते तेव्हा बाप गेला. तो बोटीवर खलाशी होता, तापानं आजारी होऊन परत आला आणि चार दिवसांत संपला. मागं आई आणि मी. सोनीआत्या बापाची थोरली बहीण, आमच्याच पाड्यात दिलेली, आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर तिचं घर. अंगानं हडकुळी, आवाज मात्र असा की टेकडीवरची गुरं मागं वळावीत. बाप गेल्यावर तिनं आमच्या घराला धीर वगैरे काही दिला नाही. तिनं फक्त पुढच्या आवणीत येऊन सांगितलं, "आठवं घर तुमचंच राहील. पोरगी येईल." आईची कंबर तेव्हाच गेलेली, वाकून रोप लावणं तिला शक्य नव्हतं. म्हणून दहा वर्षांची मी आमच्या घरातलं 'माणूस' म्हणून चिखलात उतरले. माझ्या दोन ओळी इतर बायांच्या चार ओळींपुढं अर्ध्याच व्हायच्या, पण उरलेल्या अर्ध्या आपोआप पुऱ्या झालेल्या दिसायच्या. कोण करतं ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा मी थँक्यू म्हणाले. आत्या एवढी हसली की खाचरात बसली. "थँक्यू म्हनते! शाळंत घाला आणखी!"

बारावी झाले तेव्हा पाड्यातली बारावी झालेली मी पहिलीच मुलगी. डोक्यात हवा गेली नसती तरच नवल. वाटलं, आता नोकरी काय, दारात उभी. प्रमाणपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून मी वर्षभर हिंडले. उंबरगावकडच्या कारखान्यांची फाटकं, डहाणूतली दुकानं, अच्छाडच्या नाक्यापाशी एक वजनकाटा होता तिथं कॉम्प्युटरवाली पाहिजे म्हणून. सगळीकडं पहिला प्रश्न एकच: "कोणी पाठवलं?" मी म्हणायची, कुणी नाही, बोर्ड वाचून आले. मग दुसरा प्रश्न, "गाव कुठलं?" गाव सांगितलं की तिसऱ्या प्रश्नाची गरजच पडायची नाही. वजनकाट्यावरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं मला पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाला, "ताई, जागा आहे, पण मालकाच्या मेहुण्याचा पोरगा आहे ना. तुमचं कोणी ओळखीचं असेल तर बघा." माझ्या ओळखीची माणसं भरपूर होती. आठ घरं, त्यांचे नातेवाईक, देवाच्या जत्रेत भेटणारे पन्नास जण. पण त्यांतला कुणी कुठल्या खुर्चीवर बसलेला नव्हता, त्यामुळं ती ओळख ओळखीत धरत नसत. त्या दिवशी नाक्यावरच्या धाब्याच्या नळावर तोंड धुताना मी ठरवलं की 'नाय' म्हणायचं बंद. 'नाही' म्हणायचं. 'हाय' नाही, 'आहे'. घरी आल्यावर मी आईशीसुद्धा तसं बोलायला लागले, आणि आई माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

शेवटी काम मिळालं ते आत्यामुळंच. घोलवडला किनाऱ्याकडच्या एका जुन्या बागायतदार घराची चिकूची वाडी होती आणि वाडीला लागून रोपवाटिका. आत्या दरसाल पाड्यातल्या बायांची टोळी घेऊन तिथं कलमं बांधायला जायची. वाडीचा टेम्पो सकाळी तलासरी नाक्यावर यायचा. मीही एक दिवस त्या टेम्पोत चढले, प्रमाणपत्रं घरी ठेवून. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. पिशवीतलं खिरणीचं रोप झाडाभोवती बांधलेल्या बांबूंच्या मांडवावर चढवायचं, मोठ्या झाडाच्या फांदीला भिडवायचं, दोघांची साल सुरीनं तासून पट्टीनं घट्ट बांधायचं. दोन महिन्यांत ती एकजीव होतात. मग खिरणीचा शेंडा कापून टाकतात आणि रोप विकलं जातं चिकूचं म्हणून. आत्या दिवसाला जेवढी कलमं बांधायची तेवढी दोन पुरुषांना जमत नसत, आणि तिची फुकट जायची ती हातावर मोजण्याइतकी. सुरी चालवताना ती तोंडानं बारीक 'च्च च्च' करायची, गुरं हाकल्यासारखं. आजही कलम बांधताना माझ्या तोंडून तोच आवाज येतो.

मालकांना सगळे बाबूकाका म्हणत. साठीचे, पांढरा लेंगा, पायांत रबरी चपला, झाडांवर माणसांपेक्षा जास्त जीव. एकदा सौराष्ट्रातलं गिऱ्हाईक आलं आणि वाडीत गुजराती नीट बोलणारं कुणी नव्हतं. मी मांडवावरून उतरले आणि बोलले. सरहद्दीवरच्या माणसाला त्यात काय विशेष, बाजारात आम्ही तेच बोलतो. पण बाबूकाका थक्क झाले. "अरे, ही पोरगी तर हुशार आहे! शिकलीस किती?" आठवड्याभरात मी शेडमध्ये टेबलाशी होते. रोपांच्या चिठ्ठ्या लिहायच्या, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, पुढं त्यांनी मोठा मोबाइल घेतला तेव्हा रोपांचे फोटो काढून नाशिकला नि राजकोटला पाठवायचे. येईल त्याला काका कौतुकानं सांगत, "तीन भाषा येतात हिला." मराठी, गुजराती, हिंदी. चौथी मी त्यांना कधी सांगितली नाही.

टोळीचा चहा शेडबाहेर पेरूखाली यायचा, स्टीलच्या पेल्यांत. माझा आता आत यायला लागला, कपबशीत. दुपारी काकी मला ओट्यावर जेवायला बोलवायच्या, त्यांच्या हातची वालाची उसळ फार छान असायची. पेरूखाली आत्या आणि बाया आपापल्या फडक्यातली भाकरी सोडून बसलेल्या मला ओट्यावरून दिसायच्या. त्या मला दिसत होत्या आणि मी जेवत होते. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. उलट वाटायचं, बघा, आपल्यातली एक वर बसली आहे. आत्या एकदा टेम्पोत म्हणाली, "नंदे, तुझं बरं झालं. आमच्यातून एक जण तरी आत बसला." ती खरंच खूश होती, हे मी आज खात्रीनं सांगू शकते, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

रोपवाटिकेची खरी गर्दी पावसाळ्यात, आणि आमची आवणीही नेमकी तेव्हाच. दरसाल त्या आठ-दहा दिवसांत सगळी टोळी गायब व्हायची. आधी दोन दिवस आत्या सांगायची, "काका, आमची आवणी." काका कपाळाला हात लावायचे. "ह्या लोकांचा काही भरवसा नाही. ऐन धंद्यात दगा देतात." हे ते माझ्यासमोरच म्हणायचे, आणि मी चिठ्ठ्या लिहीत मान हलवायची. पहिली दोन वर्षं मीही टोळीबरोबर गेले. तिसऱ्या वर्षी राजकोटच्या एका गिऱ्हाइकानं अख्खा ट्रक भरून रोपं मागितली, आणि ट्रक येणार होता त्याच आठवड्यात. काकांनी मला ओट्यावर बोलावलं.

"सुनंदा, बाकीचे जातील. त्यांना मी काही म्हणत नाही, म्हणून उपयोग पण नाही. पण तू थांब."

"काका, आमचीपण आवणी आहे. घरात मीच एकटी."

"अगं, एक बाई मजुरीनं लाव की! नाक्यावर ढीगभर उभ्या असतात. तू काय आता त्यांच्यासारखी आहेस? हे बघ, एवढा ट्रक सुरळीत गेला की दिवाळीनंतर तुला पक्की करतो. बारा महिने काम, पीएफ, सगळं. हळूहळू सगळी रोपवाटिका तूच बघ."

पक्की! तो शब्द मी वर्षभर फाटकाफाटकांवर शोधत फिरले होते. आमच्या पाड्यात आजवर कुणी कशातच पक्कं झालं नव्हतं. आईच्या कंबरेवर वलसाडला उपचार होतील, घरावर पत्रे पडतील, माझ्या मागून येणाऱ्या पोरींना "कोणी पाठवलं?" विचारलं की माझं नाव सांगता येईल. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं एका क्षणात उभं राहिलं, आणि मी हो म्हणाले. हे सगळं खोटं होतं असंही नाही. मी हावरट नव्हते, एवढं तरी मला स्वतःसाठी म्हणू द्या.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती नागलीच्या भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला. "मजुरीची बाई? आवणीला?"

"त्यात काय झालं? आठ घरांना आठ दिवस एक माणूस द्यायचं. मी नाही तर ती. काम झाल्याशी मतलब."

"तसं नाय करत गो. मीच जाते. बसून बसून लावीन."

"कंबर मोडून घ्यायची आहे का आणखी? तुला काही कळत नाही तर गप बस ना!"

आई गप्प बसली. शिकलेल्या मुलीपुढं तिला बोलता यायचं नाही, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं. तव्यावरची भाकरी तिनं करपू दिली, असं ती कधी करत नसे. मी फुरंगटून बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाऊन मी एक बाई ठरवली. मोखाड्याकडची होती, कामाला चपळ, तोंडानं गरीब. तिचं नाव मी विचारलं नाही. सात दिवस ती आमच्या घरी राहिली, माझ्या जागी सात खाचरांत उतरली, आणि मला तिचं नाव आजही माहीत नाही. मी मात्र घोलवडला होते. ट्रक अच्छाडला अडकला, पाऊस उलटासुलटा, रोपं भिजू नयेत म्हणून ताडपत्र्या धर, फोन घे, ड्रायव्हरशी गुजरातीत भांड. रात्री काकींकडंच झोपायची. खोटं कशाला बोलू, मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. सातव्या दिवशी ट्रक रवाना झाला. काकांनी पाठ थोपटली, पेढे दिले. आठव्या दिवशी आमच्या घरची आवणी. मी पेढ्यांचा पुडा घेऊन सकाळी सकाळी पाड्यावर पोचले.

सातही घरांतली माणसं खाचरात होती. एकही घर चुकलं नव्हतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, बघ, आई उगाच घाबरत होती. साडी वर खोचून मीही उतरले. पण थोड्या वेळानं काहीतरी वेगळं वाटायला लागलं, आणि काय ते कळेना. मग कळलं की कुणी बोलत नव्हतं. आवणीत बाया गातात, एकमेकींच्या सासूला शिव्या घालतात, चिखल उडवतात. त्या दिवशी नुसता पाण्यात हात बुडाल्याचा आवाज, सात जणींचा, बुळुक बुळुक. काम चोख चाललेलं, ओळी सरळ. मी एकदोनदा काही बोलले तर "हां", "व्हय" एवढंच. वाटलं दमल्या असतील, आठवा दिवस आहे.

दुपार झाली. आईनं पहाटे उठून पातेलंभर भात शिजवला होता. चिंबोऱ्या तिनं आदल्या दिवशी त्या कंबरेनं ओहोळात वाकून स्वतः धरल्या होत्या. ती अंगणात पानांची चवड घेऊन उभी होती. मी हात धुऊन वळले तर सगळ्या बाया खाचरातून निघून बांधावर ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर फडकं, फडक्यात भाकरी, मिरची, कुणाच्या भाकरीवर सुका बोंबील. पेरूखाली बसत तशाच. आई पानं घेऊन बांधापर्यंत आली. तिला चिखलातून चालवत नव्हतं.

"नणंदबाय, जेवण झालंय. चला ना."

आत्यानं वर बघितलं नाही. "आमचं आणलंय, वहिनी."

ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते. भांडायला मी भारी. पण ती अगदी साधं म्हणाली, एखादी मजूरबाई मालकिणीला म्हणेल तसं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मजुरीवर येणारी माणसं आपलं खाणं आपण आणतात. मी पैसे देऊन बाई पाठवली म्हणजे आमच्या घरानं सांगितलं होतं की हे मजुरीचं काम आहे. त्यांनी माझं ऐकलं होतं, एवढंच. आणि त्या मोखाड्याच्या बाईला, हे मला नंतर कळलं, सातही घरांनी पहिलं पान वाढलं होतं. ती त्यांची पाहुणी झाली होती.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझं पातेलं भरलेलं राहिलं. आई तशीच उभी होती, पानांची चवड छातीशी धरून, जशी मी एके काळी प्रमाणपत्रं धरायची. मग ती मागं वळली. संध्याकाळपर्यंत खाचर पुरं लावून सगळ्या निघून गेल्या. तो भात आम्ही दोघी दोन दिवस खात राहिलो, उरलेला आईनं सुपात वाळत घातला. पेढ्यांचा पुडा मी कुणाला देऊ शकले नाही, त्याला मुंग्या लागल्या.

आता वाटतं, त्याच संध्याकाळी मी आत्याच्या अंगणात जाऊन रडले असते तर ती दोन शिव्या घालून मोकळी झाली असती. पण मला पक्की व्हायचं होतं ना! मी दुसऱ्या दिवशी टेम्पो धरला. टेम्पोत मी एकटीच होते. आवणी संपल्यावर टोळी परत यायची, ती आली नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. आत्यानं बाया बोर्डीच्या एका वाडीवर नेल्या होत्या. घोलवडला कलमांचा हंगाम तोंडावर, मांडव रिकामे. काका म्हणाले, "सुनंदा, तुझी माणसं आण बाई लवकर." मी पाड्यात घरोघर फिरले. कुणी नाही म्हणालं नाही. सगळ्यांनी बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, म्हणाले, "बघू." आमच्याकडं 'बघू'चा अर्थ लहान पोराला पण कळतो. आत्याच्या घरी मी गेले नाही. तिच्या दारावरून दोनदा पुढं गेले.

काकांनी महिनाभर वाट बघितली. मग तिकडून, डहाणूच्या बाजूनं, दुसरी टोळी आली. तिची मुकादमीण आली ती आपल्या बारावी झालेल्या भाचीला घेऊनच. दिवाळीला काकांनी मला ओट्यावर बोलावलं, तोच ओटा, काकींनी फराळ दिला. "सध्या थांब तू. मी कळवतो." मी विचारलं, काका, तुम्ही तर पक्की करणार होता. ते खरोखर गोंधळले. "अगं, पण तुझी माणसं कुठं आहेत? माणसंच नाहीत तर एकट्या तुला घेऊन मी काय करू?" मला वाटत होतं त्यांनी मला माझ्या तीन भाषांसाठी वर बसवलं. त्यांनी बसवलं होतं सोनीआत्याच्या भाचीला. मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि निघाले. राग त्यांच्यावर यायला हवा होता, पण त्यांचं म्हणणं इतकं सरळ होतं की रागाला जागा सापडेना.

पुढच्या पावसाळ्यात आत्यानं कोंबड्यांना दाणे टाकताना म्हटलं, "उद्या माझ्याकडं." आवाज आमच्या घरापर्यंत आला. नेहमीपेक्षा मोठा होता की मला तसा वाटला, सांगता येत नाही. आईनं माझ्याकडं बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं. मी पहाटे उठले. जायचं तर होतंच. पण मनात धाकधूक. दुपारी सगळ्यांची पानं मांडली आणि माझं नाही मांडलं तर? सगळ्यांच्या समोर रिकाम्या हातानं उभी राहू? तो अपमान मला सोसला नसता. म्हणून निघताना मी दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि कमरेला खोचल्या. असावी आपली सोय. आई म्हणाली, "ते कशाला?" मी म्हटलं, "असू दे."

खाचरात कुणी काही विचारलं नाही. कमळ, आत्याची सून, माझ्याशेजारी होती. तिनं सरकून मला जागा दिली. मी अशी रोपं लावली जशी आयुष्यात लावली नव्हती, पाठ मोडेपर्यंत, मान वर न करता. बाया गात होत्या. मी गायले नाही, पण ओठ हलवले. मधेच आत्याचं ते 'च्च च्च' ऐकू आलं आणि मला रडू फुटेल असं वाटलं.

दुपारी सगळ्या हात धुवायला आत्याच्या अंगणाकडं निघाल्या. माझे पाय उचलेनात. मी बांधावर बसले, वाट बघायचा धीर झाला नाही, आणि फडकं सोडलं. पहिला घास मोडला तेव्हा समोर आत्या अंगणाच्या टोकाशी उभी दिसली, कपाळावर हाताचा आडोसा करून. आमची नजर भेटली. तिनं माझ्या मांडीवरची भाकरी बघितली. मग ती वळून आत गेली. मला वाटलं, झालं, बरं झालं भाकरी आणली. मी ती कोरडी भाकरी पुरी खाल्ली आणि पुन्हा चिखलात उतरले. संध्याकाळी काम संपल्यावर बांधाबांधानंच घरी गेले, पाय धुवायलासुद्धा तिच्या अंगणात गेले नाही.

त्यानंतर कुणी आमचं घर वगळलं नाही. आमच्या आवणीला सगळ्या आल्या, आईच्या हातचं जेवल्या. पण आत्या आणि मी एकमेकींशी कामापुरतं बोलायचो, आणि दोघींनाही वाटायचं की दुसरीला तेवढंच पुरे आहे. पुढच्या थंडीत ती गेली. मी आता आमच्याच मोकळ्या जागेत छोटी रोपवाटिका काढली आहे, पाच-सहा बाया असतात, आवणीचे आठ दिवस फाटकाला कुलूप. गिऱ्हाईक बोंबलतं, बोंबलू दे. आत्यानं शिकवलेलं कलम बांधते आणि पोट भरते.

मागच्या महिन्यात कमळ कलमं बांधायला आली होती. पट्टी गुंडाळता गुंडाळता कशावरून तरी विषय निघाला, आणि ती सहज म्हणाली, "त्या वर्षी तू का नाय जेवलीस गो आमच्याकडं?"

मी म्हटलं, "मला कुठं माहीत होतं माझं पान आहे की नाही."

कमळनं हातातली सुरी खाली ठेवली. "खुळी का काय! सासूनं पयलं पान तुझंच मांडलं होतं. तुला हाक मारायलाच बाहेर गेली. मागं येऊन म्हनाली, तिनं तिचं आणलंय."

"मग?"

"मग काय. आम्ही म्हटलं, उचलू का? तर उचलू देईना. वरून दुसरं पान झाकलं. म्हनाली, पाय धुवायला येल तवा खाईल."